माहेरची खोली : बाळ-बाळंतिणीसाठी निर्धूर व हवेशीर निवारा

वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वसलेले कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. माहेर हा शब्द उच्चारताच पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे आलेली लेक डोळ्यांपुढे उभी राहते. आता बहुसंख्य प्रसूती रुग्णालयात होतात. परंतु दोन-तीन दिवसांत बाळ-बाळंतीण घरी परततात आणि पुढील सव्वा महिना ज्या खोलीत काढतात, ती खोली कशी असावी याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. वस्तुतः अर्भकमृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू आयुष्याच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच घडतात. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे १६ अर्भके पहिल्या वर्षात दगावली. त्यांपैकी ११ पहिल्याच महिन्यात. म्हणूनच या खोलीचा प्रश्न केवळ सोयीचा नाही, तो जीविताचा आहे.

गडचिरोलीचा अनुभव

या संदर्भात विदर्भातीलच एक प्रयोग मार्गदर्शक ठरला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांमध्ये गावातीलच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण दिले. बाळाला उबदार ठेवणे, स्वच्छता राखणे, स्तनपानास साहाय्य करणे आणि जंतुदोष वेळीच ओळखून उपचार करणे, ही कामे त्यांनी घरोघरी जाऊन केली. तिसऱ्या वर्षाअखेर नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे २०११ पासून देशभरातील ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या गृहभेटींना त्यांचा आधार मिळाला. महागडी साधने नसलेल्या घरातही बाळ वाचू शकते, हा या प्रयोगाचा बोध होय.

धूर नको, ऊब हवी

बाळंतिणीची खोली म्हणजे अंधारी, दारे-खिडक्या बंद आणि बाजेखाली शेगडी, अशी आपली जुनी कल्पना आहे. तिच्यामागील हेतू चांगला होता. कारण नवजात बाळाला स्वतःच्या शरीराची उष्णता टिकविता येत नाही. तथापि बंद खोलीत निखारे धुमसत ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला ना रंग, ना वास. पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीचा धूर, ओव्याची धुरी, डासांसाठी जाळलेला कडुनिंबाचा पाला किंवा कॉइल यांनी बाळाची कोवळी फुप्फुसे दुखावतात व न्यूमोनियाचा धोका वाढतो. घरात गॅस असल्यास स्वयंपाक त्यावरच करावा. चूल पेटवावीच लागली तर ती खोलीपासून दूर, उघड्यावर असावी.

ऊब देण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे आईचे अंग. बाळाला उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घेण्याची ‘कांगारू’ पद्धत कमी वजनाच्या बाळांसाठी विशेष उपकारक ठरली आहे. बाळाचे पोट व पाऊल दोन्ही कोमट लागली तर ऊब योग्य आहे असे समजावे. पाऊल गार लागल्यास बाळ गारठू लागले आहे. अंग तापलेले लागल्यास कपडे कमी करावेत.

वऱ्हाडचा उन्हाळा

थंडीइतकीच वऱ्हाडात उन्हाळ्याची चिंता वाहावी लागते. धाब्याच्या जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती दुपारचा दाह बराच थोपवून धरीत. टिनाच्या छपराखाली ते सुख नाही. छपराला बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिल्यास व आतून छत बसविल्यास खोली बरीच निवते. समोरासमोर दोन खिडक्या असाव्यात. दुपारी त्या झाकून सायंकाळी उघडाव्यात. कूलरचा झोत थेट बाळावर येऊ देऊ नये, त्याच्या वायरी व अर्थिंग तपासून घ्यावे आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावी. कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतात. बाळासाठी मच्छरदाणी हाच उत्तम उपाय. कितीही उकाडा असला तरी पहिले सहा महिने बाळाला वरचे पाणी देऊ नये. आईच्या दुधात आवश्यक तेवढे पाणी असते.

कापूस हवा, फवारणीचे औषध नको

आपला प्रदेश कापसाचा. आजीच्या जुन्या, मऊ सुती लुगड्याची दुपटी, लंगोट व गोधडी यांहून बाळाला मानवणारे दुसरे वस्त्र नाही. ती उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवावीत. मात्र वेचणीचा कापूस याच खोलीत साठवू नये. त्याने अंगाला खाज सुटते, धूळ उडते व आगीचे भय राहते. फवारणीची औषधे, पंप व रिकामे डबे तर घराच्या छपराखालीही नसावेत. शेतातून फवारणी करून आलेल्या व्यक्तीने स्नान करून व कपडे बदलूनच बाळाला घ्यावे.

भिंतींना चुना पुरेसा आहे. तैलरंग द्यायचाच असेल तर शिसेविरहित असल्याची खात्री करावी व प्रसूतीपूर्वी काही आठवडे ते काम उरकावे. शेणाने सारवलेली जमीन दिसायला प्रसन्न असली तरी शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. नाळेला शेण, राख, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. ती कोरडी व उघडी ठेवावी. धनुर्वात प्रतिबंधक लसीकरण व स्वच्छ प्रसूती यांमुळेच २०१५ मध्ये भारत नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाचा टप्पा गाठू शकला, याचे विस्मरण होता कामा नये. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नये आणि त्याला झोपविताना नेहमी पाठीवर, उशीविना झोपवावे.

वेळीच ओळखा

बाळ दूध ओढेनासे झाले, अंग थंडगार वा तापलेले लागले, श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक झाला, छाती आत ओढली जाऊ लागली, तळहात-तळपाय पिवळे दिसले, नाळेतून पू आला किंवा झटके आले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता ‘आशा’ताईंना कळवावे व १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

या खोलीला लागणारा खर्च फार नाही. चुना, मच्छरदाणी, धुतलेली लुगडी, साबण आणि दोन उघडी कवाडे एवढेच साहित्य आहे. ग्रामस्वच्छतेचा ध्यास घेतलेल्या गाडगेबाबा व तुकडोजी महाराज या दोन्ही संतांचा हा जिल्हा आहे. लेक माहेरी येण्यापूर्वी तिच्या आईने ही खोली सिद्ध केली, तर ती बाळासह सुखरूप सासरी जाईल, आणि माहेरपणाचे सार्थक त्यातच आहे.