बहुचल कलनाची उन्हाळी पूर्वतयारी : नांदेड व लातूर परिसरातील विद्यार्थ्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

एकचल कलनाकडून बहुचल कलनाकडे होणारे संक्रमण हा गणिताच्या पदवी अभ्यासक्रमातील निर्णायक टप्पा होय. उष्णतेचे वहन, द्रवांचा प्रवाह, विद्युतचुंबकीय क्षेत्रे, अर्थशास्त्रातील महत्तम-लघुतमाचे प्रश्न आणि अलीकडील कृत्रिम बुद्धिमत्ता या सर्वांना या शाखेचा आधार लागतो. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे येतात. येथील अनेक विद्यार्थी उन्हाळ्यात गावी परततात. ग्रंथालय व अध्यापक दूर राहतात आणि मृगाआधीची शेतीची कामे समोर असतात. अशा सुट्टीत कोणती तयारी करणे शक्य व उपयुक्त आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अडचणीचे स्वरूप :

बारावीच्या निकालांमुळे व प्रवेश परीक्षांतील यशामुळे 'लातूर पॅटर्न' राज्यभर परिचित झाला. वारंवार सराव व वेळेचे काटेकोर नियोजन ही या पद्धतीची बलस्थाने आहेत. त्यातून आकडेमोडीचा वेग येतो. मात्र बहुपर्यायी प्रश्नात उत्तर निवडणे पुरेसे असते. आकृती काढणे किंवा विधान सिद्ध करणे तेथे आवश्यक नसते. बहुचल कलनात नेमकी याच दोन गोष्टींची गरज भासते. आंशिक विकलन करताना एक चल स्थिर मानून दुसऱ्या चलाच्या संदर्भात विकलन करावयाचे असते. ही कृती विद्यार्थी सहज आत्मसात करतात. अडचण येते ती सीमेच्या संकल्पनेत आणि अवकाशातील आकृती डोळ्यांसमोर आणण्यात. या ठिकाणी मागे पडलेला विद्यार्थी पाठांतराकडे वळतो आणि पुढे विषयच सोडून देतो. म्हणून सुट्टीत पुढील प्रकरणे घाईने वाचण्यापेक्षा पूर्वज्ञानाची तीन अंगे पक्की करणे अधिक हितावह ठरते.

पूर्वतयारीची तीन अंगे :

१) सीमेचा अर्थ : एका चलाच्या बाबतीत बिंदूकडे डावीकडून व उजवीकडून असे दोनच मार्ग जातात. प्रतलात मात्र असे अगणित मार्ग असतात. क्ष²य ÷ (क्ष⁴ + य²) हे फलन पाहावे. आरंभबिंदूतून जाणाऱ्या कोणत्याही सरळ रेषेने बिंदूजवळ गेल्यास त्याची सीमा शून्य येते; परंतु य = क्ष² या परवलयावरून गेल्यास किंमत सतत १/२ राहते. म्हणजेच सर्व सरळ रेषांवर एकच उत्तर मिळूनही सीमा अस्तित्वात नाही. हे एकच उदाहरण विद्यार्थ्याने वहीत स्वतः पडताळले, तर सीमेची काटेकोर व्याख्या का लागते हे त्याला उमगते.

२) आकृती व समोच्च रेषा : भूगोलाच्या नकाशातील समोच्च रेषा विद्यार्थ्याला शाळेपासून माहीत असतात. बालाघाटच्या उतारांवर पाणलोट विकासाच्या कामांत सलग समतल चर खोदले जातात, तेही त्याने पाहिलेले असतात. चर समान उंचीच्या रेषेवर असतो, म्हणून पाणी एका टोकाकडे न धावता सर्वत्र सारखे थांबते व मुरते. उंची हे स्थानाच्या दोन निर्देशकांचे फलन मानले, तर चराची रेषा ही त्या फलनाची समतल वक्ररेषा होय. सर्वाधिक चढाची दिशा तिला लंब असते. पाणी नेमके त्याच्या उलट दिशेने उतरते. प्रवणता सदिशाचा संपूर्ण आशय या उदाहरणात आहे. क्ष² + य² या फलनासाठी १, ४ व ९ या किमतींच्या वक्ररेषा काढल्यास १, २ व ३ त्रिज्यांची वर्तुळे मिळतात. त्यानंतर क्ष² − य² साठी हीच कृती करावी.

३) असमानता व प्रदेश : दुहेरी संकलनातील बहुतेक चुका संकलनाच्या मर्यादा ठरवताना होतात. ई या स्थिरांकाचा य² हा घात घेऊन मिळणाऱ्या फलनाचे य च्या संदर्भात संकलन प्राथमिक फलनांत मांडता येत नाही. परंतु क्ष हा ० ते १ आणि य हा क्ष ते १ असा त्रिकोणी प्रदेश आखून संकलनाचा क्रम बदलला, तर (ई − १) ÷ २ हे उत्तर दोन ओळींत मिळते. येथे कौशल्य त्रिकोण ओळखण्याचे आहे. असमानतांवरून प्रदेश आखण्याचा सराव बारावीच्या ज्ञानावर करता येतो.

परिभाषेचा प्रश्न :

अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले असतात, तर पदवीचे गणित प्रामुख्याने इंग्रजीतून शिकवले जाते. मराठी परिभाषाही एकसारखी नाही. कोठे विकलन व संकलन, तर मराठी विश्वकोशात अवकलन व समाकलन या संज्ञा आढळतात. बाळशास्त्री जांभेकरांनी (१८१२–१८४६) 'शून्यलब्धि' या ग्रंथाद्वारे हा विषय मराठीत आणला होता, हे येथे लक्षणीय आहे. सुमारे चाळीस संज्ञांची दुभाषी यादी विद्यार्थ्याने स्वतःच्या वाक्यांत अर्थ लिहून तयार करावी.

सहा आठवड्यांची आखणी :

रोज एक तास गृहीत धरून पहिले दोन आठवडे एकचल सीमा, सातत्य व विकलनाची उजळणी. तिसऱ्या आठवड्यात सदिश, रेषा व प्रतल. चौथ्यात पृष्ठे व समतल वक्ररेषा. पाचव्यात प्रदेशांची आखणी. आणि सहाव्यात आंशिक विकलनाची ओळख, असा क्रम सुचवता येईल. भ्रमणध्वनी असल्यास जिओजेब्रासारख्या मोफत साधनावर पृष्ठे फिरवून पाहता येतात. मात्र आकृती आधी हाताने काढलेली असावी.

अध्यापकाची भूमिका :

सत्राच्या अखेरच्या आठवड्यात वीस प्रश्नांचे एक पान विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे. त्यात आकृती व कारणमीमांसेचे प्रश्न निम्मे तरी असावेत. महाविद्यालय सुरू होताच अर्ध्या तासाची, गुण न देता, चाचणी घ्यावी. तिच्यावरून पहिल्या घटकास किती तासिका द्यायच्या हे ठरवणे सुलभ होते. ज्यांना शेतीच्या कामामुळे वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी पहिल्या पंधरवड्यात पूरक तासिका ठेवाव्यात. अन्यथा सुट्टीतील तयारी ही सवड असलेल्यांचीच सोय ठरेल.

समारोप :

या भागातील विद्यार्थ्याकडे कष्टाची व सरावाची सवय आहे. तिला आकृती व तर्क यांची जोड मिळाल्यास बहुचल कलन त्याला परके वाटणार नाही. त्यासाठी एक वही, एक पट्टी आणि अध्यापकाने विचारपूर्वक तयार केलेले एक पान इतकी सामग्री पुरेशी आहे.