पाबळचे विज्ञानगुरू डॉ. श्रीनाथ कलबाग

हिंदुस्तान लिव्हरमधील संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील अवर्षणग्रस्त पाबळ गावी विज्ञान आश्रम उभारला, आणि शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, अभियांत्रिकी व गृह-आरोग्य ही प्रत्यक्ष कामेच तेथील अभ्यासक्रम ठरली.

यातील भूजलशोधाचे काम विशेष लक्षणीय होय. जमिनीत सळया ठोकून वीजप्रवाह सोडला, की ओलसर, भेगाळलेला खडक तो सहज वाहू देतो आणि कोरडा अखंड कातळ अडवतो. या अडथळ्यास विद्युतरोध म्हणतात, आणि त्याच्या नोंदींवरून पाण्याची संभाव्य जागा ठरवली जाते. विद्युतदाब, प्रवाह व रोध यांचा संबंध सांगणारा ओहमचा नियम मग विद्यार्थ्यांना घोकावा लागत नाही; तो कामातूनच कळतो.

पाबळप्रमाणेच शहापूर तालुक्यातील आसनगावच्या परिसरालाही ही पद्धत चपखल लागू पडते. कारण भातसा व तानसा ही धरणे मुंबईची तहान भागवत असली, तरी या तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरचीच वाट पाहावी लागते. येथील शाळांना विद्युतरोधमापक परवडेलच असे नाही. मात्र दोरी, वजन आणि वही एवढ्यावर गावविहिरीच्या पाणीपातळीची मासिक नोंद सहज ठेवता येते.