राबाचं काळं

पहाटे 5.10

देवघराशेजारच्या कोनाड्यात रात्री तिळाच्या तेलाचा दिवा लावते आणि त्यावर पितळी वाटी पालथी घालते. उठल्याउठल्या ती वाटी उचलायची आणि आतलं काजळ पिसाने कागदावर झाडून घ्यायचं. एका रात्रीत चिमूटभरच निघतं. शहापूरच्या बाजारात काळ्या रंगाची बाटली सहज मिळते, पण या काजळाचं काळं वेगळं असतं, मऊ आणि थोडं तपकिरीकडे झुकणारं. काल रात्री भिजत घातलेला धावड्याचा डिंक आता विरघळला आहे. फडक्यातून गाळून त्यात काजळ घोटायला घेते. अर्धा तास घोटलं नाही तर वाळल्यावर रंग हाताला लागतो, आणि पत्ता ही तर हातात धरायचीच वस्तू.

सध्या टॅरोच्या मोठ्या 22 पत्त्यांचं काम चालू आहे. पूर्ण संच 78 पत्त्यांचा असतो. त्यातले 56 आपल्या नेहमीच्या पत्त्यांसारखे चार रंगांत वाटलेले, आणि हे 22 स्वतंत्र चित्रांचे. मी भविष्य सांगत नाही, मला ते येतही नाही. मी पत्ते रंगवते. ठाण्याच्या एका बाईंनी हा संच मागितला आहे आणि त्यांची अट एकच: चित्रं इकडची दिसली पाहिजेत. 21 पत्त्यांच्या जमिनीचा, म्हणजे पार्श्वभूमीचा, रंग ठरला. तेरावा अडलाय. मृत्यू.

6.15

परवा त्या पत्त्याचा काळा कच्चा खर्डा टेबलावर राहिला होता. आईने तो उचलून पालथा ठेवला. मला वाटलं, घाबरली. पण तिचं कारण निराळं होतं. "बाय, इठ्ठलाचा रंग हाय तो. त्याला मरान कशाला म्हंतेस?"

आई माळकरी आहे. रोज पूजा झाली की कपाळाला बुक्का लावते, तोही काळाच. संक्रांतीला काळी चंद्रकळा, मंगळसूत्रात काळे मणी, तान्ह्या बाळाच्या गालाला काळी तीट. आमच्या घरात काळा रंग राखण करतो, कुणाला घेऊन जात नाही. उलट प्रेतावरचं अष्टर पांढरं. तरीही मी न विचार करता मृत्यूला काळा दिला होता, कारण पाहिलेल्या सगळ्या संचांत तसाच होता.

आज जगभर चालतो तो नमुना 1909 मध्ये लंडनला विल्यम रायडर यांच्या प्रकाशनाने काढला. कल्पना आर्थर वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंची. त्यांच्या मृत्यूच्या पत्त्यावर काळं चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय. हातातला झेंडा काळा, त्यावर पांढरा गुलाब. मागे दूर दोन बुरुजांच्या मधे सूर्य. ज्या वर्षी हे काम झालं त्याच वर्षी त्या बाईंनी एका स्नेह्याला कळवलं होतं की काम फार मोठं झालं आणि पैसे फार थोडे मिळाले. त्यांनी काढलेली मूळ चित्रं आज सापडत नाहीत. उरल्या त्या छापील प्रती, आणि वेगवेगळ्या छपायांत रंगही वेगवेगळे उमटलेले. ज्यांच्या रंगांवर माणसं पुस्तकंच्या पुस्तकं लिहितात, त्या बाईंच्या हाताचा रंग कुणी पाहू शकत नाही, याची मला हळहळ वाटते.

त्याच्या आधीचे फ्रान्समधले मार्सेय घाटाचे पत्ते तर लाकडी ठशाने रेघा उठवून, कापलेल्या साच्यांतून रंग फिरवून करत. जितके रंग तितके साचे, म्हणून तांबडा, निळा, पिवळा असे मोजकेच. आणि ते पत्ते मुळात खेळायचे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत टॅरो निघाला तो खेळ म्हणून. त्यातून भविष्य बघायची टूम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. म्हणजे रंग आधी कारागिराच्या सोयीने आले आणि अर्थ मागाहून त्यांच्यावर चढले. हे कळल्यापासून माझा हात मोकळा झाला आहे.

8.05

शहापूरच्या स्टँडवर मुरबाडची एसटी लागली आहे. बुधवारी मी वाटेवरच्या एका आश्रमशाळेत चित्रकलेचा तास घेते आणि तिथून पुढे मुरबाडला छापखान्यात जाते. खिडकीची जागा मिळाली.

चैत्र लागलाय. पळसाचा बहर ओसरलाय, पण कोशिंबाला नवी पालवी आली आहे. ती पालवी लाल असते. हिरवी व्हायच्या आधी काही दिवस अख्खं झाड कुंकवाचं. लाखेचे किडे याच कोशिंबावर आणि पळसावर पोसतात, आणि त्या लाखेचा हात देऊन सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, चकचकीत होते. माझं सगळं शिक्षण त्या गंजिफेचं.

सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर मांडी घालून गंजिफा रंगवत बसलेले मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा कॉलेजात होते. 1970 च्या दशकात ही कला जाणणारे अगदी थोडे वृद्ध चितारी उरले होते. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती स्वतः शिकून घेतली, माणसं शिकवली आणि वाड्यातच काम सुरू केलं. दशावतारी गंजिफेत 120 पानं. दहा अवतारांची दहा घरं, प्रत्येक घरात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. सगळी गोल, म्हणून कोपऱ्यावर खूण करायची सोयच नाही. मग घर ओळखायचं कसं? जमिनीच्या रंगावरून. पूर्वी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून पान करत, त्यावर जमिनीचा रंग देत आणि मग मासा, कासव, परशू असं चिन्ह. हातात पंख्यासारखी पानं धरली की चिन्ह दिसण्याआधी रंग दिसतो.

नेहमीच्या पत्त्यांच्या घरालाही आपण ‘रंग’ म्हणतो. "त्या रंगाचं पान नाही, हुकूम मारला" असं म्हणताना इस्पिक आणि किलवर दोन्ही काळेच आहेत हे कुणाच्या मनात येत नाही. तो शब्द गंजिफेच्या काळाला शोभणारा आहे. गंजिफा दिवसा खेळली तर रामाकडून सुरुवात, रात्री खेळली तर कृष्णाकडून. उजेडाप्रमाणे देव बदलणारा खेळ मला दुसरा माहीत नाही.

रंगाने आधी ओळख द्यावी, अर्थ सांगायची घाई करू नये, हे मी तिथे शिकले आणि टॅरोलाही तेच लावते. किन्हवली आली तेव्हा मृत्यूसाठी राखाडी, जांभळा, पांढरा असे तीन रंग वहीत लिहून तिन्ही खोडले होते.

10.30

सातवीचा वर्ग. मुलं बहुतेक ठाकर, कातकरी, थोडी वारली. आज त्यांना टॅरोचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, प्रत्येकाने एक रंग घ्या आणि तो कशाचा ते सांगा.

पिवळा हळदीचा, हे पाच जणांनी सांगितलं. पांढरा लग्नाचा, असं एक वारली मुलगा म्हणाला. शहरात कुणी ऐकलं असतं तर त्याला चुकीचं ठरवलं असतं. पण त्याच्या घरी लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, वर सूर्य आणि चंद्र असतात. त्याचा पांढरा म्हणजे तांदूळ, आणि तांदूळ म्हणजे मंगल.

एका मुलीने हिरवा खडू घेतला आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "हिरवा भुकंचा."

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण ती गंमत करत नव्हती. तिने सांगितलं की आखाडात सगळं रान हिरवं होतं तेव्हा घरातली कणगी रिकामी असते. गेल्या सालचं भात संपलेलं, नवं अजून वावरात. तेव्हा रानभाज्यांवर दिवस काढायचे. बाहेर बघावं तिकडं हिरवं आणि पोटात काही नाही.

मी सम्राज्ञीच्या पत्त्याला समृद्धी म्हणून हिरवी जमीन दिली होती. रंगाच्या प्रत्येक पुस्तकात हिरवा म्हणजे भरभराट. माळशेजला पावसात जाणाऱ्या लोकांनाही तो तसाच दिसतो. पण डोंगर हिरवा असताना ज्याची कणगी रिकामी असते त्याचा हिरवा वेगळा. भरलेलं घर दिसतं ते दिवाळीच्या आगेमागे, भात पिवळं पडून कापणीला येतं तेव्हा. आणि पाहायला गेलं तर स्मिथबाईंच्या सम्राज्ञीपुढेही पिकलेलं धान्यच उभं आहे आणि आकाश पिवळं आहे. ते मी इतकी वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं होतं. तो पत्ता आता परत रंगवायचा. तीन दिवसांचं काम गेलं, पण गेलं म्हणवत नाही.

1.20

मुरबाडचा छापखाना. पहिल्या आठ पत्त्यांचं प्रूफ तयार होतं. गेरू गुलाबी उतरला होता.

छपाईच्या यंत्रात गेरू नावाचा रंग नसतो. सायन, मजेंटा, पिवळा आणि काळा या चारांच्या बारीक ठिपक्यांतून तो बसवावा लागतो. यात पिवळा कमी पडला होता. छापणारे दादा मन लावून बसले. मी पिशवीतून गेरूचा खडाच काढून प्रूफाशेजारी ठेवला. पडद्यावर पाहून रंग ठरवू नये, वस्तूशेजारी ठेवून ठरवावा. तिसऱ्या वेळी जमलं.

मग काळ्याचं विचारलं. ते म्हणाले, "नुसता काळा मारला तर पातळ दिसंल, ताई. खाली निळा देतात, मंग खोल वाटतं." निळ्यावरचा काळा थंड होतो, रात्रीसारखा. विठ्ठलाचा काळा तसा नाही. खाली गेरूचा देता येईल का, असं विचारलं. देता येईल म्हणाले, पण तो काळा तापलेला दिसेल. तापलेला हा शब्द मी वहीत लिहून घेतला. कशासाठी, ते तेव्हा कळलं नव्हतं.

4.10

परतीची एसटी उशिरा सुटली. ऊन उतरायला लागलं होतं. सरळगाव मागे पडल्यावर रस्त्यालगतच्या एका शेतात धूर दिसला आणि पुढे चौकोनी काळा तुकडा.

राब भाजला होता.

आमच्या भागात भाताचं रोप टाकायची जागा उन्हाळ्यात भाजून घेतात. आधी शेणाचा थर, त्यावर झाडांचा टहाळ, वर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यावर माती. मग वाऱ्याचा अंदाज घेऊन आग लावायची. ती भडकू द्यायची नाही, धुमसत ठेवायची. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राख तिथेच राहते. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर याच काळ्या चौकोनात भात पेरतात आणि तिथलं रोप उपटून आवणी करतात. टहाळासाठी झाडं फार छाटली जातात, त्यामुळे या पद्धतीवर टीका होते आणि ती खोटी नाही. पण भाजलेल्या राबाचा रंग मी लहानपणापासून पाहत आले. मधे काळं, त्यावर राखेची साय, आणि कडेला भाजून लाल झालेली माती.

काळ्याखाली गेरू.

मृत्यूच्या पत्त्याचा अर्थ सांगणारे एक गोष्ट आवर्जून सांगतात: हा पत्ता माणूस मरण्याचा नाही, एक संपून दुसरं सुरू होण्याचा. स्मिथबाईंनी ते बुरुजांमधल्या सूर्यावर सोपवलं. मला सूर्य लागणार नाही. माझ्याकडे राब आहे. गाडी पुढे गेली तरी मी मान वळवून बघत होते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "वळखीचं शेत हाय का?" मी हो म्हटलं.

6.50

दिवेलागण झाली. हात धुऊन बसले. आधी पूर्ण पत्त्यावर गेरूचा हात, तो वाळेपर्यंत सम्राज्ञीची हिरवी जमीन ओल्या फडक्याने उतरवली. पोथ्यांत लेखनिकाची चूक झाली की त्यावर पिवळा हरताळ लावून ती झाकत. हरताळ फासणं हा शब्द तिथलाच, आज आपण तो फक्त वाईट अर्थाने वापरतो. माझ्याकडे हरताळ नाही, तो विषारी असतो. पेवडी आहे. सम्राज्ञीच्या उरलेल्या हिरव्यावर पेवडीचा पिवळा चढला आणि दिवाळीआधीचं वावर दिसायला लागलं.

मग सकाळचं काजळ. गेरूवर पहिला हात पातळ. दुसरा दाट, पण कडेला अर्धं बोट गेरू उघडा ठेवून. तिसरा नुसता मधे. चुलीतली राख कापडातून गाळून बोटाने हलकेच भुरभुरली. मधोमध एक कोंब काढला, हिरवा. आता हिरवा काढताना हात थोडा थांबला. तो भुकेच्या दिवसांचाही आहे, हे या पत्त्यात राहू दे.

9.30

आई भाकरी टाकून आली. पत्ता तिच्यासमोर उताणाच ठेवला. तिने चष्मा लावला, पत्ता दिव्याजवळ नेला, कडेच्या लाल मातीवरून नजर फिरवली.

"राब हाय," ती म्हणाली. मग परत निरखून, "पर ह्यो एकच कोंब कसा? राबात रोप असं येतं का? दाट येतंय, गवतावानी. हात घातला तर बोटं दिसू नयेत."

बरोबर होतं. एकट्या कोंबाचं चित्र मी कुठल्या तरी पोस्टरवरून उचललं होतं. उद्या ती सगळी जागा रोपांनी भरायला हवी, म्हणजे सगळ्यात बारीक कुंचला आणि दोनेक तास. नीळ आणि पेवडी वेगवेगळ्या वाट्यांत भिजत घातली. काजळही संपलं होतं. कोनाड्यातल्या दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली आणि वाटी पालथी ठेवली.