शिळेपासून समुद्रापर्यंत : ठाण्याच्या शिलाहारांचा अस्त

ग्रीक पुराणांतील मायसीनीच्या राजकुळाची कथा वाचताना मन सुन्न होते. मूळपुरुष टँटलस याने आपल्याच पुत्राचे, पेलॉप्सचे, तुकडे करून ते देवांच्या पंक्तीत वाढले. देवांनी पुन्हा सजीव केलेल्या पेलॉप्सने, ज्याच्या साहाय्याने आपण रथांची शर्यत जिंकली त्याच सारथ्याला समुद्रात लोटले. आणि त्या सारथ्याने मरता मरता दिलेला शाप पुढच्या पिढ्यांना असा भोवला की, एट्रियसने सख्ख्या भावाला त्याच्याच मुलांचे मांस खाऊ घातले, अ‍ॅगमेम्नॉनने अनुकूल वाऱ्यासाठी पोटची कन्या बळी दिली, राणीने त्याला मारले आणि पुत्राने राणीला. आपले सुशिक्षित लोक ही कथा आवडीने वाचतात; परंतु ज्या ठाणे-कल्याणच्या भूमीवर ते राहतात, तेथे साडेचार शतके नांदून समुद्रात बुडालेल्या राजकुळाची वार्ता त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानी आलेली असते.

हे कूळ उत्तर कोकणच्या शिलाहारांचे. त्यांनी आपला मूळपुरुष मानला तो विद्याधर जीमूतवाहन, ज्याने गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडणाऱ्या नागाला वाचविण्यासाठी वध्यशिळेवर स्वतःचा देह ठेवला, आणि ज्याच्यावर श्रीहर्षाने ‘नागानंद’ नाटक रचले. ग्रीक कुळाचा आरंभ पुत्रवधात, तर या कुळाचा परार्थ केलेल्या देहदानात. ज्याने आपला पूर्वज असा निवडला, त्या घराण्याच्या मनाचा मोठेपणा मला तरी मान्य करावासा वाटतो.

प्रथम ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते, आणि धनी बुडाल्यावरही त्यांची निष्ठा सुटली नाही : भिवंडीजवळच्या भादाणे येथील इ.स. ९९७ च्या ताम्रपटात अपराजित राजाने त्या नष्ट साम्राज्याबद्दल शोक व्यक्त केला आहे. त्याच्या वंशात पुढे छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. कल्याणच्या पलीकडे वालधुनीच्या काठी उभे असलेले अंबरनाथचे शिवालय हे या काळाचे चिरंतन स्मारक; त्याच्या उत्तरद्वाराच्या तुळईवरील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० ही मिती आणि मुम्मुणीचे नाव आहे. परंतु ज्या हातांनी असे मंदिर घडविले त्यांच्या घरात सौख्य नव्हते. मुम्मुणीने गोव्याचा कदंब राजा षष्ठदेव याला आपली कन्या व विपुल सुवर्ण दिल्याचे कदंबांचा लेख सांगतो. आणि त्याच षष्ठदेवाचा पुत्र जयकेशी याने कोकणच्या राजाचा वध केल्याचेही कदंबांचेच लेख अभिमानाने नमूद करतात. हा हत राजा मुम्मुणीच असावा, असा इतिहासकारांचा कयास आहे. पुढे नागार्जुनाचा पुत्र अनंतदेव याने १०९४ च्या खारेपाटण ताम्रपटात आप्तांच्या वैरामुळे मुलखावर अरिष्ट ओढवले आणि परक्यांनी कोकण नागविले, असे स्पष्ट म्हटले आहे. राजाच्या सनदेत घरच्या भाऊबंदकीची अशी कबुली क्वचितच आढळते. ग्रीकांनी जे शापाच्या माथी मारले, त्याचे कारण येथे राजानेच ताम्रपत्रावर कोरून ठेवले.

या पडझडीतून अपरादित्याने राज्य पुन्हा उभे केले; याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही प्रसिद्ध टीका त्याच्या नावावर असून, त्याचा दूत तेजकंठ काश्मीरच्या विद्वत्सभेत उपस्थित होता, याचा दाखला तेथील मंख कवीच्या काव्यात मिळतो. पण नंतरच्या मल्लिकार्जुनाने ‘राजपितामह’ हे बिरुद मिरवले आणि ते गुजरातच्या कुमारपाल चौलुक्याला सहन झाले नाही. त्याचा सेनापती आंबड प्रथम पराभूत होऊन परतला, तो लज्जेने काळी वस्त्रे परिधान करून, काळ्या छत्राखाली राहिला. दुसऱ्या स्वारीत मात्र त्याने मल्लिकार्जुनाला हत्तीवरच गाठून त्याचे शिर छेदले व धन्याला नजर केले, अशी हकिकत ‘प्रबंधचिंतामणी’त आहे. जैन प्रबंधकाराने ती आपल्या राजाच्या गौरवार्थ सांगितली असल्याने तिचा तपशील जपूनच घ्यावा; तथापि मूळ घटना नाकारण्याचे कारण नाही.

अखेरचा राजा सोमेश्वर. त्याचे १२५९ आणि १२६० चे लेख उरणच्या बाजूला रानवड व चांजे येथे सापडले आहेत. देवगिरीच्या महादेव यादवाने गजदळासह कोकणात उतरून त्याला भूमीवर पराभूत केले, तेव्हा तो आरमाराच्या आश्रयाला गेला. आणि ज्या घराण्याने पश्चिम समुद्राचे आधिपत्य आपल्या बिरुदांत मिरवले, त्याचा शेवटचा पुरुष १२६५ च्या सुमारास त्याच समुद्रात बुडाला. महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा त्याने वडवानल पत्करला, असे यादवांचा मंत्री हेमाद्री लिहितो. स्तुतिपाठकाचे हे वाक्य असले तरी त्यात मृत शत्रूविषयी नकळत आदर उमटला आहे. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर कोरलेले नौकायुद्ध हेच असावे, असे काही अभ्यासक मानतात.

१७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असता अरिकेसरी या शिलाहार राजाचा १०१७ चा ताम्रपट निघाला, आणि ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात तो छापला गेला. म्हणजे विद्वानांना हे कूळ दोनशे वर्षांहून अधिक काळ परिचित आहे. आता ते सामान्य वाचकांना परिचित व्हावे. डोंबिवली-कल्याणहून अंबरनाथ काही स्थानकांच्याच अंतरावर आहे. वाचकांनी मुलांना घेऊन तेथे जावे, भिंतींवरील मूर्ती निवांत पाहाव्यात, आणि उत्तरेकडील दाराची ती तुळई कोणाच्या नावाची आहे, हे त्यांना अवश्य सांगावे.