जुन्या मीटरमधले खरे रेडियम

गाडीच्या मागे चमकणारी पट्टी लावून देणाऱ्या दुकानावर आपल्याकडे ‘रेडियम’ अशी पाटी असते. त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो. ती समोरचा प्रकाश फक्त परतवते. खरे रेडियम सापडते ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या काही लष्करी गाड्यांच्या आणि विमानांच्या मीटरमध्ये. अंधारात आकडे व काटे दिसावेत म्हणून त्यांवर रेडियम आणि झिंक सल्फाइड मिसळलेला रंग देत. युद्धानंतर लष्करी जीप नागरिकांना विकल्या गेल्या आणि आज हौशी मंडळी त्या पुन्हा उभ्या करत आहेत.

मीटर बंद पडण्याचे कारण बऱ्याचदा साधे असते. स्पीडोमीटरची केबल तुटलेली किंवा ऑइल प्रेशर मीटरची बारीक नळी चोंदलेली. ही कामे मीटर न उघडता होतात. पण काटाच अडकला, की मेकॅनिक काचेची कड उचकटतो, तबकडीवर फुंकर मारतो, ब्रशने घासतो. धोका इथे आहे.

रेडियमचे अल्फा कण साधा कागदही अडवतो. काच शाबूत असलेला मीटर गाडीत राहिला, तर काळजीचे फारसे कारण नाही. रंगाची धूळ नाकातोंडातून आत गेली, तर मात्र शरीर रेडियमला कॅल्शियमसारखेच हाडांत साठवते आणि तिथे त्याचा मारा वर्षानुवर्षे चालू राहतो. अमेरिकेत १९२० च्या सुमारास घड्याळाच्या तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचे टोक ओठांनी बारीक करत. अनेकींचे दात पडले, जबड्याचे हाड सडले, काहींना हाडांचा कर्करोग झाला. मेकॅनिकच्या पोटात जाईल ती मात्रा त्यामानाने बरीच कमी; तरी ती टाळता येण्यासारखी आहे.

‘आता चमकत नाही, म्हणजे संपले’ हा समज सर्वांत घातक. थकते ते झिंक सल्फाइड. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १६०० वर्षे लागतात! काट्यावर पिवळट-तपकिरी, तडकलेला रंग दिसला तर गायगर काउंटरने तपासून घ्यावे. तो खरवडू नये. काच फुटलेला मीटर बंद पिशवीत ठेवावा, हात साबणाने धुवावेत आणि त्या टेबलावर डबा खाऊ नये. असा मीटर भंगारात न देता मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे विचारणा करावी.

अॅम्बेसेडर, पद्मिनीवाल्यांनी घाबरू नये. त्यांच्या मीटरमधला उजेड छोट्या बल्बचा असतो.