अंगणातली डांबरी पायवाट: डांबर शेवटी, आधी पाणी

घराभोवतीच्या कामांवरच्या आपल्या या मालिकेत आज बोलायचं आहे ते डांबरी पायवाटेबद्दल. फाटकापासून ओसरीपर्यंत, घरापासून विहिरीपर्यंत किंवा सोसायटीच्या बागेभोवती फिरायला करतात ती वाट. मोठा रस्ता नव्हे, त्यामुळे त्याचा विचारही कोणी फारसा करत नाही. ठेकेदार येतो, गवत खरवडतो, वर डांबर पसरतो आणि दुसऱ्या दिवशी काळीभोर वाट तयार. पहिल्या पावसाळ्यात कडा सुटतात, दुसऱ्यात मधे खळगे पडतात. मग लोक म्हणतात, "डांबरच हलकं होतं."

बहुतेक वेळा डांबराचा दोष नसतो. डांबर हा फक्त वरचा थर. वाट टिकते ती त्याखालच्या पायावर आणि पाया टिकतो तो पाणी त्यात शिरत नाही म्हणून. आज मी जे सांगणार आहे, त्यातलं एवढं लक्षात राहिलं तरी पुरे.

उदाहरण म्हणून इंदूरच्या बाहेरच्या एका घराचं काम घेतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारं मराठी कुटुंब. फाटक ते ओसरी अंतर ४० मीटर. जुनी वाट फरशांची, खाली माळव्याची काळी माती. फरशा वरखाली झालेल्या. घरातल्या आजींना वॉकर घेऊन रोज चालायला सांगितलेलं आणि वॉकरचे पाय नेमके फरशांच्या फटीत अडकायचे. त्या वयात पडणं म्हणजे काय, हे घरात म्हातारं माणूस असलेल्या कोणालाही सांगायला नको. म्हणून त्यांना बिनफटीची, सलग वाट हवी होती.

डांबर घ्यावं की नाही?

डांबराचा मोठा गुण हा की पृष्ठभाग सलग असतो. वॉकर, चाकाची खुर्ची, मुलांची सायकल सगळं सुरळीत चालतं. खराब झालं तर तेवढाच तुकडा कापून भरता येतो. पण तोटेही ऐका. उन्हाळ्याच्या दुपारी डांबराचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो, म्हणजे अनवाणी पायांना आणि कुत्र्यामांजरांना चटके. पेट्रोल, डिझेल, ऑइल सांडलं की डांबर विरघळून मऊ पडतं. आणि काम अगदी लहान असेल तर गरम माल मिळणंच अवघड, कारण प्लांटवाले एक-दोन टनांसाठी गाडी पाठवायला तयार नसतात. वाट दहा-पंधरा मीटरचीच असेल, तर माझा सल्ला पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटचा. लांब वाट असेल किंवा शेजारी मिळून दोन-तीन अंगणांचं काम एकदम काढणार असाल, तरच डांबर परवडतं.

आखणी

कागदावर रेघ मारण्याआधी आठवडाभर बघा, घरातली माणसं खरोखर कुठून चालतात. गवत झिजलेलं असतं, तीच तुमची वाट. तिला डावलून सुंदर वळण काढलंत, तर लोक वळण सोडून गवतातूनच जाणार. मग दोरी लावा आणि फक्की टाकून आखून घ्या.

रुंदी किमान १.२ मीटर धरा. म्हणजे वॉकर घेतलेल्या माणसाला आधार देत कोणी बाजूने चालू शकतं. दोन माणसांना आरामात शेजारी शेजारी चालायचं असेल तर १.८ मीटर. चाकाची खुर्ची फिरवायला दोन्ही टोकांना दीड मीटरचा चौक ठेवा. लांबीतला चढ २० मीटरला एक मीटर यापेक्षा जास्त नको. त्याहून जास्त असेल तर तो रॅम्प समजा आणि कठडा लावा. रॅम्पलासुद्धा १२ मीटरला एक मीटर ही मर्यादा आहे.

झाडाच्या बुंध्याला चिकटून वाट नेऊ नका. मुळं डांबर उचलतात, आणि डांबर मुळांचं पाणी तोडतं. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढून टाका, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता. तोच एक मीटर तुम्ही किमान अंतर माना. मोठ्या झाडाला त्याहून जास्त लागतं.

आणखी एक गोष्ट आखणीतच उरकून टाका. बागेचं पाणी, फाटकाची बेल, दिव्याची वायर यांपैकी काही ना काही पुढेमागे वाटेखालून न्यावं लागतंच. म्हणून दोन-तीन जागी १०० मिलिमीटरचे पीव्हीसी पाइप आडवे टाका, त्यांची तोंडं बंद करा आणि जागेची खूण ठेवा. नवी वाट वर्षभरात फोडायची वेळ येणार नाही.

पाण्याचा हिशेब

वाटेला आडवा ढाळ हवा, एका मीटरला दोन सेंटिमीटर. आपल्या १.२ मीटर रुंदीला जवळजवळ अडीच सेंटिमीटर. डोळ्यांना तो जाणवत नाही, वॉकरला त्रास देत नाही, पण पाणी थांबू देत नाही. ढाळ घराकडे नको, घरापासून दूर. गवंड्याची पारदर्शक नळी पाणी भरून धरली की लेव्हल कळते, महागडं यंत्र लागत नाही.

वाट आजूबाजूच्या मातीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर उंच ठेवा. पण उंच केलेली वाट बांधासारखी वागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. अंगणातलं पाणी आजवर ज्या दिशेने जात होतं, तिथेच वाट आडवी आली की वरच्या बाजूला तळं साचतं आणि ते हळूहळू पायात झिरपतं. म्हणून पाण्याची जुनी वाट जिथे नव्या वाटेला छेदते, तिथे खालून पाइप किंवा लहान मोरी द्या. इंदूरच्या घरी अशा दोन जागा निघाल्या. दोन्ही जागा मला घरच्या माळ्याने दाखवल्या. कुठलं पाणी कुठे जातं, हे त्याला पाठ होतं.

खोदाई आणि पाया

गवत, मुळं आणि वरची भुसभुशीत माती आधी काढून टाका. ती कितीही दाबली तरी कुजते आणि बसते. पुढचं काम तुमच्या मातीवर अवलंबून आहे. माळवा, विदर्भ, मराठवाडा, उत्तर कर्नाटक इथे काळी माती भेटते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट पाया घातला तर वाटही तिच्याबरोबर वरखाली होते. अशा ठिकाणी आणखी ३० सेंटिमीटर माती काढून चांगला मुरूम भरावा. मात्र मुरूम भरलेला चर काळ्या मातीत परातीसारखा असतो, आत शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही. म्हणून चराच्या तळालाही ढाळ द्या आणि खालच्या टोकाला पाण्याला वाट काढून द्या. कोकण, गोवा, कारवार पट्ट्यात जांभ्याची जमीन घट्ट असते, तिथे एवढी खोदाई लागत नाही, पण पाऊस प्रचंड, त्यामुळे मोऱ्या जास्त लागतात. गुजरात-राजस्थानच्या रेताड जमिनीत वाळू बाजूने सरकते, तिथे कडेचा आधार भक्कम हवा.

त्यावर खडी आणि बारीक कच यांचा १५ सेंटिमीटर दाबलेला थर. एकदम १५ टाकून वरून रोलर फिरवला तर वरचं दबतं, खालचं पोकळ राहतं. सात-आठ सेंटिमीटरचे दोन थर करा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून बेबी रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर फिरवा. इंदूरचा ठेकेदार म्हणाला, "साहेब, पायी चालायच्या वाटेला रोलर कशाला?" मी त्याला म्हटलं, माणसाच्या वजनासाठी नाही, पाण्यासाठी. पोकळ जागा राहिली की तिथे पाणी बसणार. बुटाची टाच जोरात दाबा. खड्डा पडला, तर पाया अजून तयार नाही.

पाया डांबरापेक्षा दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर जास्त रुंद ठेवा. डांबर नेहमी कडेने तुटतं, कारण कडेखाली आधार नसतो. त्या जादा जागेवर उभी वीट किंवा कर्बचा दगड काँक्रीटमध्ये बसवा. खालच्या बाजूची कड डांबराच्या पातळीवर ठेवा. ती वर आली तर तुम्हीच ढाळाचं पाणी अडवलंत.

डांबराचा दिवस

खडीच्या पायावर आधी प्राइम कोट, म्हणजे पातळ डांबराचा फवारा. तो मुरायला साधारण एक दिवस द्या. मग प्लांटमधून आलेलं हॉटमिक्स. दाबून ४ सेंटिमीटर हवं असेल तर सैल ५ सेंटिमीटर पसरावं लागतं. आपल्याकडे सर्रास वापरतात ते व्हीजी-३० प्रतीचं डांबर. त्याचा माल पसरताना किमान १४० अंश असावा आणि रोलरचं काम ९० अंशांच्या खाली जाण्याआधी संपावं. पातळ थर झपाट्याने थंड होतो, म्हणून गाडी येण्याआधी माणसं, रोलर, फावडी सगळं जागेवर हवं. साधा थर्मामीटर जवळ ठेवा. मालातून निळा धूर निघत असेल तर तो जळालेला, गोळे होऊन पडत असेल तर थंड झालेला. दोन्ही परत पाठवा. फावड्याला चिकटू नये म्हणून कामगार डिझेल लावतात, ते करू देऊ नका.

पावसात किंवा ओल्या पायावर हे काम होत नाही. हवा १० अंशांच्या खाली असेल तेव्हाही नको, म्हणजे उत्तरेकडच्या मंडळींनी डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी टाळाव्यात. कामगारांच्या पायात गमबूट आणि हातात मोजे आहेत का, हे मालक म्हणून तुम्हीच बघा. चुकून कोणाच्या अंगावर गरम डांबर उडालं, तर भरपूर थंड पाणी ओता, डांबर ओढून काढू नका आणि थेट दवाखान्यात न्या.

लेखी काय घ्यायचं?

"डांबरी कार्पेट करून देऊ" एवढ्या शब्दांवर काम देऊ नका. आपला हिशेब करू. ४० मीटर गुणिले १.२ मीटर म्हणजे ४८ चौरस मीटर. ४ सेंटिमीटर जाडीला साधारण साडेचार टन माल लागतो. जाडी अडीच सेंटिमीटर केली तर पावणेतीन टनांतच भागतं, आणि वरून दोन्ही वाटा सारख्याच काळ्या दिसतात. म्हणून वजनकाट्याची पावती मागा. पाया दीड मीटर रुंद धरला तर खडी-कच मिळून सुमारे चार ब्रास. दाबलेली जाडी, पायाची खोली, ढाळ, कड, मोऱ्या हे सगळं कागदावर असू द्या आणि हमीही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये रेकाँडो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केला. तो पुढे कितीतरी दशकं खड्ड्यांशिवाय राहिला, हे पुणेकर आजही सांगतात. तुमच्या वाटेला दहा वर्षं कोणी लिहून देणार नाही, पण निदान दोन पावसाळ्यांची हमी मागायला काय हरकत आहे?

नंतरची काळजी

पहिला दिवस वाट बंद ठेवा. दुचाकीचा स्टँड उन्हाळ्यात डांबरात रुततो, त्याखाली लाकडी फळी ठेवा. दर पावसाळ्यानंतर भेगा शोधा. बारीक असतानाच डांबर ओतून बुजवल्या तर खर्च किरकोळ, एक पावसाळा तशाच सोडल्या तर पाया जातो.

इंदूरची वाट आता दोन पावसाळे पाहून उभी आहे. आजी सकाळ-संध्याकाळ चालतात. एकाच जागी कड थोडी सुटली आहे. तिथे बागेचा नळ आहे आणि पाण्याचा पाइप रोज वाटेच्या कडेला उघडा पडलेला असतो. पुन्हा पाणीच. पाइप हलवला, तेवढी कड भरून घेतली, काम झालं.

तेव्हा मंडळी, वाट करायची असेल तर ठेकेदाराला फोन करण्याआधी एक जोरदार पाऊस पडू द्या. छत्री घेऊन अंगणात उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुठे जातं ते कागदावर काढून ठेवा. तो कागद दाखवून दर मागा. पुढच्या भागात आपण गच्चीची गळती आणि तिच्या ढाळाबद्दल बोलू. नमस्कार.