आपल्या सर्व्हरची मेल बाहेर का पोहोचत नाही?

लिनक्सच्या मशीनवर पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर बसवणे अवघड नाही. एक कमांड द्यायची, दोन-तीन प्रश्नांची उत्तरे द्यायची, की सर्व्हर चालू होतो. त्याच मशीनवरच्या दुसऱ्या खात्याला पाठवलेली मेल क्षणात मिळतेही. पण बाहेरच्या पत्त्यावर चाचणी मेल पाठवली, की ती रांगेत अडकते किंवा स्पॅममध्ये जाऊन पडते. मग माणूस कॉन्फिगरेशनच्या फायली चाळत बसतो. दोष बहुधा तिथे नसतोच.

मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाते ती पोर्ट २५ वरून. व्हायरस लागलेल्या घरगुती संगणकांतून स्पॅमचे लोंढे निघू लागले, तेव्हापासून अनेक इंटरनेट कंपन्यांनी बाहेर जाणारा हा मार्ग बंद केला. क्लाउडवरही अनेक ठिकाणी तो मुळात बंदच असतो. शिवाय घरच्या कनेक्शनचा आयपी पत्ता बदलता असतो. आपल्याकडे तर एकच पत्ता कित्येक ग्राहकांत वाटलेला असतो. स्पॅमहाउससारख्या संस्था अशा पत्त्यांच्या याद्या ठेवतात आणि पलीकडचा सर्व्हर त्या पाहून दारातूनच नकार देतो.

या संशयाचे मूळ रचनेतच आहे. जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, नियम लिहिले, तेव्हा जाळ्यावरची माणसे मोजकी आणि बरीचशी एकमेकांच्या ओळखीची होती. कोणाचीही मेल पुढे पोहोचवणे हा सर्व्हरचा शेजारधर्म होता. पाठवणारा कोण, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. मेलला एक पाकीट असते आणि आत पत्र. पाकिटावर एक पत्ता आणि पत्राच्या माथ्यावर भलताच पत्ता लिहिला, तरी एसएमटीपीची हरकत नसते. जाहिरातबाज आणि भामटे यांनी हीच फट हेरली.

ती बुजवायला नंतर तीन ठिगळे लागली. डोमेनच्या डीएनएसमधली एसपीएफ नोंद सांगते, की या डोमेनच्या नावाची पाकिटे कोणत्या आयपी पत्त्यांवरून निघू शकतात. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर डिजिटल सही करते. ती पडताळायची किल्ली डीएनएसमध्ये उघडी ठेवलेली असते. डीमार्क पाहते, की या दोहोंपैकी निदान एका तपासणीत उतरलेले डोमेन वाचणाऱ्याला दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या डोमेनशी जुळते का. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीची केली. थोड्या मेल पाठवणाऱ्यालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम हवेच, आणि आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी उलटी डीएनएस नोंदही. ही नोंद आपल्या हातात नसते. पत्ता देणाऱ्या कंपनीकडून ती करून घ्यावी लागते.

म्हणूनच ऑफिसातल्या मशीनने रात्री बॅकअपचा अहवाल पाठवावा, एवढीच गरज असेल, तर थेट पाठवण्याच्या फंदात पडू नये. पोस्टफिक्सच्या ‘रिलेहोस्ट’ या ओळीत आपल्या मेलसेवेचा सर्व्हर लिहावा, पोर्ट ५८७ वापरावे, खात्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा. पुढची पोच ती सेवा पाहते. फक्त तिचे सर्व्हर आपल्या एसपीएफ नोंदीत हवेत. आणि कोणाची मेल विनाअट पुढे पाठवायची ते ठरवणाऱ्या ‘मायनेटवर्क्स’ या ओळीत आपल्या मशीनपलीकडचे पत्ते सैल हाताने घालू नयेत, साऱ्या जगासाठी उघडा राहिलेला सर्व्हर स्पॅमवाल्यांना सापडायला वेळ लागत नाही.

पण ज्या संस्थेकडे स्थिर आयपी आहे आणि रोज लॉग पाहणारे माणूस आहे, तिने स्वतःचा सर्व्हर जरूर चालवावा, असे मला मनापासून वाटते. ईमेल कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. नियम खुले आहेत, पोस्टफिक्सही खुले आहे. वित्से व्हेनेमा यांनी ते आयबीएममध्ये असताना लिहिले आणि १९९८ मध्ये सर्वांसाठी मोकळे केले. छोटे सर्व्हर एकेक करून बंद पडले, तर कोणाची मेल स्वीकारायची हे दोन-चार मोठ्या कंपन्याच ठरवतील.

त्यासाठी धीर मात्र लागतो. नव्या पत्त्यावरून सुरुवातीला थोड्याच मेल पाठवाव्यात. पलीकडच्या सर्व्हरच्या उत्तराचा आकडा चारने सुरू झाला, तर नकार तात्पुरता असतो. पोस्टफिक्स पुन्हा पुन्हा प्रयत्न करते आणि सहसा पाच दिवसांनी मेल परत करते. पाचने सुरू झाला, तर नकार कायमचा. त्यापुढे लिहिलेले कारण वाचावे. मेल पोहोचली, तरी जीमेलमध्ये तिचे मूळ रूप उघडून पाहावे: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिघांसमोर ‘पास’ दिसेपर्यंत काम संपलेले नसते.